यकृत प्रत्यारोपणानंतर एकाच पगारावर घर चालवताना

एका पत्नीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पतीच्या यकृत प्रत्यारोपणाला पाच आठवडे झाले आहेत आणि यकृताचा भाग त्यांच्या धाकट्या भावाने दिला आहे. घरातील मोठी कमाई पतीची होती, ती आता पूर्णपणे थांबली आहे. पत्नी एका कार्यालयात हिशेबाचे काम करते आणि तिची रजा दहा दिवसांत संपते. दोन मुले शाळेत शिकतात, घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे आणि हाताशी असलेली शिल्लक नेहमीच्या खर्चाने चार महिने पुरेल एवढीच आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ पतीजवळ थांबावे का, आणि कोणता खर्च आधी, कोणता नंतर हे कसे ठरवावे, असे तिने विचारले आहे.

मी प्रत्यारोपण विभागात वैद्यकीय समाजसेवेचे काम बरीच वर्षे केले आहे आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेक पती-पत्नींकडून ऐकला आहे. म्हणून पहिले उत्तर आडपडदा न ठेवता देतो : नोकरी सोडू नका. शस्त्रक्रियेपूर्वी तुमचा पगार घरातला दुसरा पगार होता, आज तो एकमेव आहे. तुमच्या कार्यालयाचा गट आरोग्य विमा कुटुंबाला लागू असेल, तर त्या नोकरीची किंमत पगाराहून कितीतरी मोठी आहे. पतीला सतत सोबतीची गरज आहे हे खरे, पण ती गरज काही आठवड्यांची आहे आणि सोडलेली नोकरी परत मिळवायला कित्येकदा वर्षे जातात. पुढे जे लिहितो आहे, त्यात दोन गोष्टींना हात लावायचा नाही असे गृहीत धरले आहे : पतीची औषधे आणि तुमची नोकरी. बाकीचे सारे वाकवता येते, पुढे ढकलता येते, निम्मे करता येते.

आता सोबतीची गरज नेमकी किती, ते पाहू. गुंतागुंत नसेल तर यकृत प्रत्यारोपणानंतर सहा ते आठ आठवड्यांत बहुतेक रुग्ण स्वतःचे स्वतः उठतात, आंघोळ करतात, घरात आणि थोडे बाहेर फिरतात आणि गोळ्या वेळेवर घेऊ शकतात. पोटावरचा छेद मोठा असल्याने वजन उचलण्यास साधारण तीन महिने मनाई असते आणि डॉक्टर सांगेपर्यंत वाहन चालवायचे नसते. म्हणजे लवकरच अशी वेळ येते की ते काही तास घरी एकटे राहू शकतात आणि तुमची खरी गरज तपासणीच्या दिवशी असते. या तपासणीची वेळ तुमच्या रजेच्या हिशेबात महत्त्वाची आहे. शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून देतात त्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातील पातळी मोजण्यासाठी, ते दिवसातून दोनदा घ्यायचे असेल तर, आधीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यावे लागते. आमच्या विभागाबाहेरच्या बाकावर रोज सकाळी हेच दृश्य असे : रुग्णाच्या मांडीवर गोळ्यांची डबी, सुई निघून कापूस दाबला की दुसऱ्या हाताने डबीचे झाकण उघडायचे आणि गोळी घ्यायची. हे काम सकाळीच उरकते आणि दुपारी तुम्ही कार्यालयात असू शकता. सुरुवातीला आठवड्यातून एकदा-दोनदा, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने असे या फेऱ्यांतील अंतर वाढत जाते. त्यामुळे कार्यालयाकडे सलग रजा न मागता ठरावीक सकाळच्या अर्ध्या दिवसांची सवलत मागा. सोबत रुग्णालयाचे पत्र द्या आणि त्यात तपासणीचे वार व कालावधी लिहून घ्या. तारखा समोर असल्या की वरिष्ठांना होकार देणे सोपे जाते.

उरलेली पूर्ण दिवसांची रजा मात्र जपून ठेवा, कारण पहिल्या वर्षात पुन्हा दाखल व्हावे लागणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही. ताप येतो, यकृताच्या चाचण्या बिघडतात, शरीराने अवयव नाकारल्याची शंका येते. जिवंत दात्याच्या यकृतात पित्तनलिका अरुंद होण्याची अडचण अधिक आढळते. तसे झाले तर दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, घालतात आणि तो काही महिन्यांनी बदलावा लागतो. मी हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. ज्या कुटुंबांनी एका पुनर्दाखल्याची तरतूद आधीच बाजूला काढलेली असते, ती त्या दिवशी डॉक्टरांचे बोलणे नीट ऐकू शकतात. ज्यांनी काढलेली नसते, त्यांच्या डोक्यात त्या वेळी फक्त पैशांची जुळवाजुळव चालू असते.

तुम्ही दिवसभर इतरांचे हिशेब लावता, म्हणून घराचा हिशेबही त्याच रीतीने मांडून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे त्यांच्या जागी घाला. पूर्वीचा महिन्याचा खर्च १०० धरू, त्यात घराचा हप्ता ३० आणि बाकी सगळे ७०. तुमचा पगार ४५. औषधे, तपासण्या आणि येणे-जाणे मिळून नवा खर्च ३५. म्हणजे दर महिन्याला ९० ची तूट. चार महिन्यांची शिल्लक म्हणजे ४००. त्यातून पुनर्दाखल्यासाठी ८० वेगळे ठेवले तर ३२० उरतात आणि ते साडेतीन महिन्यांत संपतात. आता हप्ता काही काळासाठी निम्मा करून घेतला आणि घरखर्च ७० वरून ६० वर आणला, तर तूट ६५ होते आणि तीच शिल्लक जवळपास पाच महिने पुरते. औषधांच्या ३५ ला आपण कुठेही हात लावलेला नाही, हे लक्षात घ्या. हा दीड महिना किरकोळ वाटेल, पण पती कामावर परतण्याच्या सुमारास हाच दीड महिना फार मोलाचा ठरतो.

औषधांविषयी मला थोडे अधिक लिहावे लागेल, कारण कुटुंबे नको तिथे हात आखडता घेतात ते याच ठिकाणी. सख्ख्या भावाचे यकृत आहे, तेव्हा औषधे कमी लागतील किंवा लवकर बंद होतील, असा समज मी अनेकदा ऐकला आहे. १९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, तेव्हा दाता आणि रुग्ण हे एकसारखे जुळे भाऊ होते, म्हणून त्या रुग्णाचे शरीर परका अवयव म्हणून त्याच्याविरुद्ध उठले नाही. असा जुळा भाऊ नसेल तर भावाचा अवयवही शरीराला परकाच वाटतो आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे साधारणपणे आयुष्यभर घ्यावी लागतात. एक गृहस्थ माझ्या कायम लक्षात आहेत. शस्त्रक्रियेनंतर सातव्या महिन्यात त्यांनी घरात कोणालाही न सांगता दोन आठवडे निम्म्याच गोळ्या घेतल्या, कारण मुलीच्या शाळेचे शुल्क भरायचे होते. रक्तातील पातळी घसरली, यकृताच्या चाचण्या बिघडल्या, त्यांना दाखल करावे लागले आणि शिरेतून स्टेरॉइड द्यावी लागली. दाखल होताना त्यांच्या पिशवीत गोळ्यांची अर्धी कापलेली पाकिटे होती, उरलेल्या अर्ध्या गोळ्या त्यांनी पुढच्या महिन्यासाठी नीट जपून ठेवल्या होत्या. वाचलेल्या गोळ्यांच्या कितीतरी पट पैसे त्या मुक्कामात गेले. यकृत सावरले, ही त्यातली समाधानाची बाब. पैसे कमी पडत आहेत हे त्यांनी आम्हाला एका शब्दाने सांगितले असते, तर काहीतरी मार्ग निघाला असता.

मार्ग निघतात, हे मी अनुभवाने सांगतो. त्याच घटकद्रव्याचे कमी किमतीचे उत्पादन उपलब्ध असते का, हे डॉक्टरांना विचारा. मात्र हा बदल त्यांच्या सांगण्यावरूनच करायचा आणि बदलानंतर रक्तातील पातळी पुन्हा तपासून घ्यायची. दिवसातून दोनदा घ्यायचे टॅक्रोलिमस आणि एकदाच घ्यायचे, सावकाश विरघळणारे टॅक्रोलिमस ही एकमेकांच्या जागी घेण्याची औषधे नव्हेत, म्हणून दुकानात पाकीट हातात आले की नाव आणि प्रकार दोन्ही वाचा. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला धर्मादाय निधी, सरकारी योजना आणि औषध कंपन्यांच्या सवलतींची माहिती असते, पण आपणहून जाऊन विचारल्याशिवाय ती सहसा तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. अर्ज मंजूर व्हायला आठवडे लागतात. म्हणून घरात दीड महिन्याची औषधे शिल्लक असतानाच अर्ज करा, शेवटचे पाकीट उघडल्यावर नव्हे.

एक दिलासाही आहे. सुरुवातीचा औषधखर्च कायम तेवढाच राहत नाही. सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूच्या संसर्गापासून बचाव करणारी व्हॅलगॅन्सिक्लोव्हीर ही गोळी बरीच महाग असते, पण ती बहुधा तीन ते सहा महिन्यांत थांबते. स्टेरॉइडची मात्रा उतरत जाते आणि अनेक रुग्णांत काही महिन्यांनी ते बंद होते. तपासण्याही विरळ होतात. याउलट काही खर्च नव्याने सुरू होऊ शकतात : या औषधांमुळे काहींना मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास जडतो, आणि मूळ आजार हिपॅटायटिस बी असेल तर त्याची औषधे पुढेही चालूच राहतात. डॉक्टरांना असा सरळ प्रश्न विचारा : “यातील कोणती औषधे कोणत्या महिन्यात थांबण्याची अपेक्षा आहे?” त्या उत्तरावरून वर्षभराचा महिनावार तक्ता करा. पहिल्या तीन महिन्यांचा खर्च बाराने गुणून घाबरलेल्या आणि त्या भीतीपोटी पडेल त्या भावाने घर विकायला निघालेल्या कुटुंबाला मी थांबवलेले आहे.

विम्याच्या बाबतीत तीन गोष्टी तातडीच्या आहेत. चालू असलेल्या कोणत्याही पॉलिसीचा हप्ता चुकू देऊ नका, कारण प्रत्यारोपणानंतर नवा आरोग्य विमा मिळणे फार अवघड असते. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा औषध-तपासणीचा खर्च किती दिवसांपर्यंत मिळतो आणि त्याची कागदपत्रे कधीपर्यंत द्यायची, हे लेखी विचारून घ्या. या मुदती निघून गेल्यामुळे हक्काचे पैसे बुडालेली कुटुंबे मी नको तितकी पाहिली आहेत. तिसरे म्हणजे कपाटातील जुन्या फायली काढा. गंभीर आजारांसाठीच्या अनेक पॉलिसींत प्रमुख अवयवाचे प्रत्यारोपण हा एकरकमी भरपाईचा विषय असतो आणि घराच्या कर्जासोबत घेतलेल्या विम्यातही कधी कधी असे कलम सापडते. शस्त्रक्रियेच्या धावपळीत त्या कागदाकडे कोणाचे लक्ष जात नाही. पतीच्या नोकरीबाबतही हेच लागू आहे : त्यांना घाईने राजीनामा देऊ देऊ नका. बिनपगारी का होईना, रजा मिळाली तर नोकरीशी जोडलेला विमा आणि इतर हक्क सहसा टिकून राहतात. नेमके काय टिकते, हे तेथील मनुष्यबळ विभागाकडून कागदावर घ्या.

अमेरिकेतील एक उदाहरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या आणि वयाने ६५ हून लहान असलेल्या अनेक रुग्णांचे सरकारी विमासंरक्षण तेथे ३६ महिन्यांनी संपत असे आणि त्यानंतर औषधांचा भार थेट कुटुंबावर पडत असे. १ जानेवारी २०२३ पासून, दुसरा विमा नसलेल्यांना निदान या औषधांपुरते संरक्षण पुढे चालू ठेवण्याची सोय तेथे झाली. एवढ्या मोठ्या व्यवस्थेतही खर्चाची खरी खिंड तिसऱ्या-चौथ्या वर्षी लागत होती. तुमच्या बाबतीत विमा किंवा मदत कोणत्या महिन्यात संपते, ती तारीख त्या महिनावार तक्त्यात आजच लिहा.

कर्जाबद्दल अनुभवाचा सल्ला एवढाच : हप्ता चुकण्याआधी जा. चुकल्यानंतर गेलेला माणूस थकबाकीदार ठरतो, आधी गेलेला माणूस ग्राहकच राहतो, आणि समोरच्याच्या बोलण्यातला हा फरक तुम्हाला पहिल्या मिनिटात जाणवेल. काही महिने हप्ता कमी करणे, मुदत वाढवणे किंवा फक्त व्याज भरणे, यांपैकी काय शक्य आहे ते विचारा. त्याने एकूण व्याज किती वाढेल, तेही विचारा आणि मिळालेले उत्तर लेखी घ्या. क्रेडिट कार्डावर औषधे घेऊन थकबाकी पुढे ढकलत राहणे हा सर्वांत महाग मार्ग आहे. त्यापेक्षा ठेवींवर किंवा दागिन्यांवर कर्ज घेणे परवडते. निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशाला शेवटी हात लावा. पतीची पुढील कमाईची वर्षे कशी जातील हे आज ठरलेले नाही आणि ती रक्कम तुमच्या दोघांच्या म्हातारपणाची आहे.

तुमच्या दिरांचा उल्लेख प्रश्नात एकाच ओळीत आला आहे. तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. यकृताचा भाग दिलेल्या माणसालाही कामावर परतायला साधारण दीड ते तीन महिने लागतात, अंगमेहनतीचे काम असेल तर आणखी वेळ जातो. म्हणजे या एका शस्त्रक्रियेने दोन घरांची कमाई थांबवली आहे. सगळ्यांचे लक्ष रुग्णाकडे असते आणि दाता बिचारा “मी ठीक आहे” म्हणत राहतो. त्यांचा बुडालेला पगार, प्रवास, तपासण्या यांची विचारपूस तुम्हीच करा. ‘अवयवाचे पैसे दिले असे तर होणार नाही ना’ हा संकोच अनेकांना वाटतो. अवयवाच्या व्यापाराविरुद्धच्या २००८ च्या इस्तंबूल जाहीरनाम्यानेही दानापायी झालेल्या प्रत्यक्ष आणि कागदोपत्री दाखवता येणाऱ्या खर्चाची भरपाई ही अवयवाची किंमत मानलेली नाही. आपल्या येथील नियम रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाकडून समजून घ्या, पावत्या ठेवा आणि देण्याची ऐपत आज नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा. ज्याने शरीराचा भाग दिला त्याच्याशी पैशाबद्दल कसे बोलायचे, या संकोचापायी भावाभावांत अंतर पडलेले मी पाहिले आहे, आणि बोलणे झाल्यावर ते मिटलेलेही पाहिले आहे.

पतीच्या कामावर परतण्याचा अंदाज तीन ते सहा महिन्यांचा धरा, आणि पहिले काही आठवडे अर्धवेळ काम व त्या प्रमाणात पगार, असेच गृहीत धरा. थकवा दुपारी अचानक येतो. टॅक्रोलिमसमुळे हाताला बारीक कंप येऊ शकतो, बारीक हातकाम करणाऱ्याला तो विशेष अडचणीचा ठरतो, पण मात्रा कमी झाल्यावर बहुधा तोही कमी होतो. गर्दी, धूळ, रात्रपाळी आणि वजन उचलणे यांबद्दल डॉक्टरांकडून स्पष्ट मर्यादा लिहिलेले पत्र घ्या. ‘हलके काम द्यावे’ एवढ्या मोघम वाक्याचा कोणालाच उपयोग होत नाही. स्टेरॉइडची मात्रा जास्त असते त्या काळात झोप उडते, मन कधी चिडचिडे तर कधी अवाजवी उत्साही होते. त्या उत्साहात दुकान काढण्याचे, जमीन विकण्याचे, नोकरी सोडण्याचे बेत मी खाटेवर रचलेले ऐकले आहेत. तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत कोणताही मोठा आर्थिक निर्णय किंवा सही नको, असे दोघांनी मिळून ठरवा. बँकेचे व्यवहार तुम्हाला एकटीला करता येतील अशी व्यवस्था मात्र लगेच करा. संयुक्त खाते, रीतसर अधिकारपत्र आणि वारसनोंदी यांपैकी जे अपुरे असेल ते पूर्ण करा. पतीला थोडी हुशारी वाटून ते बसून काम करू लागले की विम्याच्या पावत्या लावणे आणि त्या महिनावार तक्त्यात रोजची नोंद करणे हे काम त्यांच्याकडे सोपवा. कमाई थांबलेल्या माणसापासून आकडे लपवले की तो मनातल्या मनात त्याहून वाईट आकडे मांडत बसतो.

घरात काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याबद्दल थोडेच सांगतो. तापमापी, रक्तदाबयंत्र आणि वजनकाटा हे घेण्याजोगे आहेत. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला तर रात्र काढू नका, तेव्हाच रुग्णालयाला कळवा, कारण उशिरा दाखल झाले की मुक्काम सहसा लांबतो आणि महाग पडतो. महागडी हवाशुद्धीकरण यंत्रे, खोलीची नव्याने डागडुजी, शक्तिवर्धक चूर्णे आणि काढे यांवरचा पैसा वाचवा. डागडुजीच्या धुळीतून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि वनौषधींमुळे गोळ्यांची रक्तातील पातळी वरखाली होऊ शकते. नातेवाइकांनी काय मदत करू असे विचारले की ‘काही नको’ म्हणू नका. मंगळवारी सकाळी रुग्णालयात सोबत, मुलांना शाळेतून आणणे, दुपारचे दोन तास घरी बसणे, अशी नेमकी कामे सांगा. पैसे देऊ न शकणारा माणूस वेळ आनंदाने देतो, आणि तुमची नोकरी टिकते ती त्याच वेळेवर. कोणी रोख रक्कम दिली तर उसनी की मदत म्हणून, हे त्याच दिवशी वहीत तारखेसह लिहा.

रजा संपायला दहा दिवस आहेत. पहिल्या दोन दिवसांत रुग्णालयाकडून तुमच्या कार्यालयासाठी आणि पतीच्या कार्यालयासाठी, अशी दोन वेगळी पत्रे घ्या. पुढच्या दोन दिवसांत विम्याच्या मुदती आणि कर्जाची सवलत यांची विचारणा लेखी करा. आठवड्याच्या शेवटी एक सराव करा : दिवसभर तुम्ही घराबाहेर राहा, पतीजवळ फक्त फोन, गोळ्यांची डबी आणि गजर असू द्या, शेजारी कोणीतरी हाकेच्या अंतरावर असू द्या. संध्याकाळी परत आल्यावर डबीतला त्या दिवसाचा खण रिकामा आहे का ते पाहा. काही अडले असेल तर ते दुरुस्त करायला तुमच्या हाती अजून तीन-चार दिवस असतील.